गुलाबी हिरड्या

आमच्या बोक्याचं नाव लंबक. घड्याळजीच्या घरात वाढलेला, त्यामुळे बाबांना दुसरं नाव सुचलंच नसावं. पिल्लू असताना तो बाबांच्या कामाच्या टेबलाच्या कडेला बसायचा आणि शेपूट खाली सोडून डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचा. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "दुकानात घड्याळं पुष्कळ आहेत, पण दुरुस्तीला न येणारं हे एकच." आता त्याला पंधरा वर्षं झाली होती. बाबांना अठ्ठ्याहत्तर.

दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी बाबांचं काम सुटलं नव्हतं. पहिल्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या. मागच्या खोलीत त्यांचं टेबल, भिंतभर घड्याळं, एक आरामखुर्ची आणि कोपऱ्यात गॅसचा जुना हीटर. हीटरचा पत्र्याचा पाइप भिंतीतून बाहेर पडून वर गच्चीपर्यंत गेलेला. जुनी ओळखीची माणसं अजून घड्याळं घेऊन यायची.

मी कापडगिरणीत कापड तपासते. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जातं. तुटलेला धागा, गाठ, डाग दिसला की यंत्र थांबवायचं आणि खडूने खूण करायची. एकवीस वर्षं हेच करतेय. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं गिरणीत म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

त्या वर्षी थंडी लवकर आणि कडक पडली. बाबा शाल गुंडाळून, हातमोजे घालून टेबलाशी बसायचे, पण हातमोजे घालून घड्याळाचं काम होत नाही. एका रविवारी मी स्पंजच्या चिकटपट्ट्या आणल्या. मागच्या खोलीच्या खिडकीच्या सगळ्या फटी बुजवल्या, दाराच्या खालीही एक जाड पट्टी बसवली आणि हीटर पेटवला. तासाभरात खोली अशी उबदार झाली की बाबांनी शाल काढून खुर्चीवर टाकली.

"आईवरही ताण केलीस तू," ते म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. लंबक हीटरसमोर पाय ताणून आडवा झाला, आणि ती जागा त्याने त्यानंतर सोडली नाही.

दहा-बारा दिवसांनी त्याची उडी चुकली. स्टुलावरून टेबलावर जायचं, हे तो आयुष्यभर करत आला होता. त्या दिवशी पुढचे पंजे टेबलाच्या कडेला लागले, मागचे लागलेच नाहीत, आणि तो धप्पकन खाली पडला. मांजर पडलं की काही झालंच नाही अशा थाटात उठतं. हा तसाच बसून राहिला, आपण कुठे आहोत हे आठवत असल्यासारखा. आम्ही दोघंही हसलो. "म्हातारे झालात, लंबकराव," बाबा म्हणाले.

मग एकेक सुरू झालं. अंग चाटून साफ करणं बंद झालं, पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या व्हायला लागल्या. सकाळी उलटीचं डबकं दिसायचं. मातीच्या ट्रेपर्यंत न पोहोचता तो वाटेतच ओलं करून ठेवायचा. चालताना मागचे पाय वाकडे पडायचे. झोप तर इतकी गाढ की पोटावर हात ठेवला तरी कान हलायचा नाही. मी म्हाताऱ्या मांजरांसाठी मिळतं ते मऊ खाणं आणलं. ते तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. फोनवर त्याला सांगितलं तर म्हणाला, "ताई, मांजराची पंधरा म्हणजे माणसाची पंचाहत्तर. वय झालंय त्याचं. बाबाही आता धडपडतातच की."

धडपडायचे खरे. पण ते मी वेगळ्या खात्यात टाकलं होतं.

प्राण्यांच्या डॉक्टर आमच्या गल्लीच्या टोकाला बसतात. चाळिशीच्या असतील. बोलणं तुटक, हात मात्र हलके. त्यांनी लंबकला वजनकाट्यावर ठेवलं, पोट चाचपलं, डोळ्यांत दिवा मारला, ओठ वर करून दात पाहिले.

"किती दिवस असं?"

"तीन आठवडे. वय झालंय ना आता."

"वय झालंय हे मला दिसतंय. आजार काय ते बघायचंय," त्या म्हणाल्या. "मांजर दुखणं दाखवत नाही. दाखवायला लागलं की समजायचं, लपवायची ताकद संपली. उडी कमी झाली, अंग चाटणं थांबलं, पाणी पिणं वाढलं, वजन उतरलं, ट्रे चुकला, यातलं एकही दिसलं तर वयावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी यायचं."

मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा ओठ वर केला आणि मला दाखवलं. "हे मात्र चांगलं आहे. हिरड्या बघा किती गुलाबी. रक्त कमी नाही."

रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंड थोडं थकलेलं निघालं. सलाइनसाठी त्यांनी त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी आणायला गेले तर लंबक पिंजऱ्याच्या जाळीवर पंजे मारत होता आणि मला बघून ओरडत होता. ती माझ्या ओळखीची हाक महिनाभर कानावर पडली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर तो तडक हीटरसमोर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे मागचे पाय परत वाकडे पडायला लागले.

त्याच आठवड्यात बाबांकडे एक शिक्षिका आली. तिने दुरुस्तीला दिलेलं मनगटी घड्याळ परत आणलं होतं. बिचारी चाचरत म्हणाली, "काका, हे बंदच आहे. तुम्ही दुसरं तर दिलं नाहीत ना?" बाबांनी मागचं झाकण उघडलं. आतली बॅटरी, धूळ, सगळं जसंच्या तसं होतं. त्यांनी ते उघडलंच नव्हतं, नुसतं पुसून दिलं होतं. आणि मला तर आदल्या दिवशी सांगितलं होतं की आतलं दात तुटलेलं चाक बदललं.

ती गेल्यावर बाबा झाकण परत बसवत म्हणाले, "पोरी, माझं डोकं सकाळपासून ठणकतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल."

त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला एका सकाळी तीनदा चावी दिली आणि स्प्रिंग तुटली. जेवणाच्या ताटावर बसून ते अन्नाकडे नुसते बघत राहायचे. पोटात ढवळतंय म्हणायचे. पलंगापर्यंत जायचा कंटाळा येतो म्हणून आरामखुर्चीतच झोपायला लागले, हीटरसमोर, पायाशी लंबक. खाली चावीवाल्याचं दुकान आहे. त्याने एकदा जिन्यात बाबांना पाहिलं आणि म्हणाला, "काका, गालावर लाली आलीय हो! थंडी मानवली तुम्हाला." मला ते ऐकून बरं वाटलं.

भावाला मी विसराळूपणाचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तो विसरायचा आजार तर नसेल? दाखवून घे कुणाला तरी." मी मोठ्या दवाखान्यात नंबर लावला. तारीख मिळाली पंधरा दिवसांनंतरची. रविवारी बाबांजवळ दिवसभर बसले की माझंही डोकं जड व्हायचं. गिरणीतल्या त्या काचेच्या टेबलाचा उजेड डोळ्यांवर येतो, असं मी मनाला सांगत होते. मनात पाल चुकचुकत होती, नाही असं नाही. पण सोमवारी कामावर गेलं की डोकं हलकं व्हायचं आणि मी विसरून जायचे.

मंगळवारी लंबक उठेनाच. त्याला टोपलीत घालून पुन्हा डॉक्टरांकडे सोडलं. गुरुवारी दुपारी अर्धी रजा टाकून त्याला आणायला गेले. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही. तो त्यांच्या टेबलावर फिरत होता, कागदांवर बसत होता, पेन ढकलून पाडत होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "दोनदा असं झालं. माझ्याकडे आला की चोवीस तासांत बरा, तुमच्याकडे गेला की चोवीस तासांत आजारी. मूत्रपिंडाचं दुखणं असं येत-जात नाही. तुमच्या घरात काहीतरी आहे. उंदरांचं औषध ठेवलंय?"

"नाही."

"कुंड्या? फुलं?"

"एकही नाही."

"वडील घड्याळं कशाने धुतात?"

"एक उग्र वासाचं द्रावण असतं. पण ते चाळीस वर्षं वापरतात, आणि बाटलीला झाकण असतं."

"बोका झोपतो कुठे?"

"मागच्या खोलीत, हीटरसमोर."

"विजेचा हीटर?"

"गॅसचा. जुना आहे, पण पाइप बाहेर काढलाय."

"खिडकी उघडी असते?"

"नाही. फटीसुद्धा बुजवल्यात. मीच बुजवल्या."

डॉक्टरांनी लंबकला जवळ ओढलं, त्याचा ओठ वर केला आणि बघत राहिल्या. आज हिरड्या फिकट होत्या, नेहमीच्या म्हाताऱ्या मांजरासारख्या. "त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, छान गुलाबी आहेत," त्या हळू म्हणाल्या. "या वयाच्या, मूत्रपिंड थकलेल्या बोक्याच्या हिरड्या इतक्या गुलाबी असायला नकोत. कोंडलेल्या हीटरचा विषारी वायू रक्तात गेला की त्या अशा लाल-गुलाबी दिसतात. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. तुमचे वडील कसे आहेत?"

"बरे आहेत. म्हणजे, वय झालंय त्यांचं. जरा विसरतात. डोकं दुखतं. तोल जातो. मळमळतं. झोपूनच असतात हल्ली, त्या खुर्चीत..."

ती यादी मी स्वतःच्या तोंडून ऐकली आणि थांबले.

"फोन लावा त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता."

घंटा वाजत राहिली. परत लावला. बाबा दुपारी घरातच असतात आणि फोन त्यांच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर असतो. तिसऱ्यांदा लावला.

मी चावीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका सकाळपासून दिसले नाहीत, झोपले असतील." डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "वर जा. दार बंद असेल तर उघडा, तोडावं लागलं तरी चालेल. आत विषारी वायू आहे, त्याला वास नसतो, त्यामुळे काही नाही असं वाटेल. श्वास रोखून आत जा, त्यांना ओढून जिन्यात आणा. आत थांबू नका. खिडकी उघडता आली तर उघडा. हीटर बंद करत बसू नका."

मग त्यांनी रुग्णवाहिकेला फोन केला, लंबकला पिंजऱ्यात ढकललं आणि गाडीची किल्ली घेतली. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं ते अंतर मी रोज पायी सात मिनिटांत चालते. त्या दिवशी गाडीतून ते संपतच नव्हतं. समोर एक माल उतरवणारा ट्रक आडवा उभा होता. डॉक्टर हॉर्नवर हात ठेवून बसल्या होत्या आणि मी त्या ट्रकमधून एकामागून एक उतरणारी खोकी मोजत होते. का मोजत होते कुणास ठाऊक.

चावीवाल्याला आमचं कुलूप उघडायला मिनिटही लागलं नाही. ते त्यानेच बसवलेलं होतं. बाबा आरामखुर्चीत होते, मान एका बाजूला पडलेली, डोळ्यात अडकवायचं भिंग मांडीवर. गाल लाल. चावीवाला मला नंतर म्हणाला, "अगदी साखरझोपेत असल्यासारखे दिसत होते. तुमच्या त्या डॉक्टरबाई बोलल्या नसत्या तर मी दार ओढून घेऊन खाली आलो असतो. शपथेवर सांगतो."

त्याने त्यांना काखेत धरून जिन्यात ओढलं. मी पोहोचले तेव्हा बाबा जिन्याच्या चौथ्या पायरीवर, चावीवाल्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. छाती हलत होती. थांबून थांबून, पण हलत होती. मी "बाबा, बाबा" करत त्यांचे हात चोळत बसले. चावीवाला भिंतीला टेकून ओकत होता. तो आत फार तर दोन मिनिटं होता.

मोठ्या दवाखान्यात त्यांना दोन दिवस प्राणवायूवर ठेवलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, वायूचा संशय आधी कुणाला आला? मी म्हटलं, "मांजराच्या डॉक्टरांना." त्याने मला परत विचारलं. परत तेच सांगितलं. त्याने ते तसंच कागदावर लिहून घेतलं.

धाकटा रातोरात गाडी करून आला होता. दुसऱ्या दिवशी गॅसचा मिस्त्री आला, तेव्हा तो आणि मी गच्चीवर उभे होतो. मिस्त्रीने पाइपचं टोपण काढलं, आत आकडा घातला आणि ओढला. काड्या, पिसं, तारेचे तुकडे, कबुतराचं अख्खं घरटं तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. खाली सरकून पाइपात बूच बसल्यासारखं अडकलं होतं. "धूर वर जायला वाट नाही, म्हणून तो खोलीत परत. तरी फटीतून थोडी हवा खेळली असती तर..." असं म्हणत तो खाली खोलीत आला, खिडकीपाशी वाकला, पट्टीवरून बोट फिरवलं. "हे कुणी लावलं?"

"मी," मी म्हटलं.

तो हीटरला 'वापरू नका' अशी लाल चिठ्ठी बांधून निघून गेला. धाकटा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. ते मला जास्त जड गेलं. पट्ट्या मी नखांनी खरवडून काढल्या. त्याला काढू दिल्या नाहीत.

बाबा शुद्धीवर आले, मला ओळखलं, धाकट्याला "तू कसा काय?" म्हणाले. आम्ही रडलो, हसलो. पण घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आता बरे वाटतायत. काही जणांना मात्र तीन-चार आठवड्यांनी पुन्हा त्रास सुरू होतो. मेंदूवरचा परिणाम उशिरा दिसतो. होईलच असं नाही. लक्ष ठेवा."

लक्ष ठेवलं. डोळ्यांत तेल घालून ठेवलं. महिनाभर रजा काढली. ते कप कसा उचलतात, चपला कशा घालतात, कुठल्या घड्याळाकडे बघून वेळ सांगतात, सगळं टिपत होते. पहिला आठवडा उत्तम. दुसराही. तिसऱ्यात त्यांनी त्या शिक्षिकेचं घड्याळ खरोखर दुरुस्त करून स्वतः खाली नेऊन दिलं, आणि मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

सव्विसाव्या दिवशी सकाळी ते टेबलाशी बसले, चिमटा उचलला आणि थांबले. मी दारातून बघत होते. त्यांनी चिमटा उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "हे कशासाठी असतं गं?"

पुढचे काही महिने वाईट गेले. पावलं लहान पडायला लागली, बोलणं अडखळायला लागलं. नंतर थोडं थोडं परत आलं. सगळं नाही. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांना ते चावी देतात, ती मी शेजारी उभी राहून मोजते. मनगटी घड्याळं ते हातात घेतात, कानाला लावतात आणि परत ठेवतात. एकदा, थंडी सुरू झाल्यावर, खिडकीजवळ बसून म्हणाले, "फटीतून गार वारा येतोय. काहीतरी लाव ना तिथे." मी त्यांना सगळं सांगितलं. पट्ट्या कुणी लावल्या होत्या तेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातावर थोपटलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच म्हणाले.

लंबक हीटर गेल्यावर बरा झाला, पण त्याचं मूत्रपिंड खरंच थकलेलं होतं, आणि ते आता लपत नाही. दर रविवारी मी त्याला वजनकाट्यावर ठेवते, हिरड्या बघते, पाण्याचं भांडं मापाने भरते आणि संध्याकाळी किती उरलं ते पाहते. आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाइन द्यावं लागतं. डॉक्टरांनी मला सुई टोचायला शिकवलं. सुई मी टोचते, डोकं बाबा धरतात. त्यांचा हात थरथरतो, पण लंबक त्यांच्या हातात जितका शांत बसतो तितका माझ्याकडे बसत नाही. दर वेळी बाबा विचारतात, "काय झालंय याला?" दर वेळी मी सांगते.

या रविवारी वजन दोनशे ग्रॅमने उतरलं होतं. भांड्यातलं पाणी दुपारीच संपलं होतं आणि तो पलंगावर चढायला आधी खुर्चीचा आधार घेत होता. मी सोमवारची वाट पाहिली नाही. काट्यापाशीच बसून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काही प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "आत्ताच घेऊन या. मी दवाखाना उघडते."

फोन ठेवून वळले तर बाबा दाराशी उभे होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, हातात लंबकची टोपली. कुठे जायचंय हे त्यांना माहीत नव्हतं, पण टोपली त्यांनी घट्ट धरली होती.